अठरापैकी सतरा

सहा मीटर लांबीचा पाइप माल उचलणाऱ्या साध्या फोर्कलिफ्टच्या पुढच्या काट्यांवर, म्हणजे फोर्कवर, आडवा बसतो, आणि म्हणून ज्या वाटेने तो न्यायचा ती वाट सहा मीटरांहून रुंद ठेवावी लागते. तळोजा औद्योगिक वसाहतीतील एका गोडाऊनमध्ये मी २३ वर्षे स्टोअर सांभाळले. आम्ही भाडे सगळ्या शेडचे भरत होतो, पण जवळजवळ निम्मी जागा माल ठेवण्यासाठी नव्हे, तर फोर्कलिफ्ट वळवण्यासाठी मोकळी सोडत होतो. नवी मुंबईतील जागेचे दर ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना हे किती टोचत असेल ते सांगायला नको.

जागेपेक्षाही मोठी काळजी माणसांची होती. साधी फोर्कलिफ्ट तराजूसारखी असते. पुढच्या चाकांचा आस हा टेकू, एका बाजूला माल आणि दुसऱ्या बाजूला गाडीचे मागचे वजन. लांब पाइपचे बंडल उचलले की त्याची दोन्ही टोके झुलतात, आणि गाडी जरा वळली तरी टोकाशी तीच हालचाल मोठी होते. एका पावसाळी दुपारी असेच एक टोक खांबाला लागले, बंडल घसरले आणि आमच्या एका माथाडी बांधवाचा पाय पाइपखाली आला. तो वाचला, पण पुन्हा ओझे उचलू शकला नाही. चौकशीत ऑपरेटरची चूक नोंदवली गेली. तिथे गाडीच चुकीची वापरली जात होती, असे माझे तेव्हाही मत होते आणि आजही आहे.

याच अडचणीवर उभ्या राहिलेल्या एका कंपनीविषयी मला लिहायचे आहे. आयर्लंडमधील मोनाहन हे उत्तर आयर्लंडच्या सीमेजवळचे, जेमतेम आठ हजार वस्तीचे गाव. आपल्याकडे घणसोलीच्या दोन-चार सेक्टरांतही याहून अधिक माणसे राहत असतील. तिथे १९९८ मध्ये मार्टिन मॅकव्हिकर आणि रॉबर्ट मॉफेट यांनी कॉम्बीलिफ्ट सुरू केली. ट्रकच्या मागे टांगून नेता येणारी फोर्कलिफ्ट बनवणाऱ्या मॉफेट इंजिनिअरिंगमध्ये दोघांचाही हात तयार झालेला होता. त्या काळी लांब लाकूड किंवा पाइप हाताळायला तीन वेगवेगळ्या गाड्या लागत असत : ट्रक उतरवायला साधी फोर्कलिफ्ट, यार्डात फिरवायला बाजूने माल उचलणारा साइडलोडर आणि आत रॅकमधल्या अरुंद वाटेत, म्हणजे गँगवेमध्ये, रॅकवर चढवायला तिसरी. या तिन्हींचे काम एका गाडीत आणायचे, एवढेच त्यांनी ठरवले, आणि कंपनीचे नावही त्यावरूनच पडले.

त्या गाडीला तीन चाके असतात आणि तिन्ही चाके ९० अंशांत वळतात. ऑपरेटरने दिशा बदलली की गाडी न वळता बाजूला चालू लागते. जो पाइप आडवा होता, तो आता चालण्याच्या दिशेत येतो. शिवाय माल उंचावर न धरता खाली प्लॅटफॉर्मवर टेकवून नेता येतो, त्यामुळे भार जमिनीलगत राहतो. सहा मीटरांच्या वाटेचे काम त्याहून कितीतरी अरुंद वाटेत होते. चाके मोठी रबरी असल्यामुळे यार्डातील खडबडीत जमीनही तिला चालते. आपल्याकडच्या शेडमधील आणि बाहेरच्या जमिनीची अवस्था पाहता ही शेवटची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

पहिल्या वर्षी त्यांनी १८ गाड्या बनवल्या आणि त्यांतील १७ देशाबाहेर गेल्या. या आकड्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. घरची बाजारपेठ लहान, म्हणून पहिल्या दिवसापासून त्यांना बाहेर पाहावे लागले. आणि बाहेर स्वस्त गाड्या विकणारे बलाढ्य कारखाने आधीच बसलेले असल्यामुळे, इतरांनी किरकोळ म्हणून सोडून दिलेल्या ओझ्यांकडेच वळावे लागले. पुढे ग्राहकाचा माल, त्याची वाट आणि त्याचे दार मोजून गाडी बनवणे हीच त्यांची पद्धत झाली. अरुंद गँगवेसाठी मधोमध दुमडणारी गाडी आली, कंटेनर उचलणारे स्ट्रॅडल कॅरिअर आले. २०१८ मध्ये त्यांनी त्याच गावात ५ कोटी युरो खर्चून नवा कारखाना उघडला. त्याचे छप्पर ४६,५०० चौरस मीटर, म्हणजे साधारण साडेअकरा एकरांचे आहे. मोठे झाल्यावरही त्यांनी गाव सोडले नाही, याचा मला विशेष आदर वाटतो.

आता आपल्याकडे पाहू. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये स्थापन झाले आणि त्याची पहिली वसाहत ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये उभी राहिली. न्हावा-शेवा बंदर १९८९ पासून आपल्या दाराशी आहे. कळंबोलीचा लोखंड बाजार, भिवंडीची गोडाऊने, तुर्भ्याचा घाऊक बाजार हे सगळे तासाभराच्या अंतरात. लांब, जड आणि अवघड ओझ्यांचा एवढा मोठा अनुभव जगात फार थोड्या ठिकाणी एकवटला असेल. तरीही कळंबोलीत आजही लांब माल हायड्रा क्रेनला लटकवून, दोन्ही टोकांना माणसे उभी करून फिरवला जातो. यंत्र आले तर माथाडींचे काय, हा प्रश्न खरा आहे आणि तो कुणीही झटकू नये. अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा आला, तो पाठीवरचे ओझे जपण्यासाठी नव्हे, तर त्या पाठीच्या माणसाला हक्क मिळावा म्हणून. नव्या गाडीच्या सीटवर पहिला हक्क त्याच माणसाचा असावा, आणि त्याच्या प्रशिक्षणाचा खर्च गाडीच्या किमतीत धरला जावा, असे मला मनापासून वाटते.

आपल्याकडे कारागीर आहेत, सोडवायला अडचणही आहे. कमी पडतो तो पहिली गाडी घेणारा ग्राहक. खरेदी विभाग गाडीची किंमत पाहतो; वाटेत अडकलेल्या जागेचे भाडे, वाकलेले पाइप आणि मोडलेला पाय हे त्याच्या तक्त्यात येत नाहीत. मी स्वतः असे तक्ते वर्षानुवर्षे भरले आहेत, म्हणून हे खात्रीने सांगतो.

रबाळ्यातील माझ्या परिचयाच्या एका कारखानदाराने ॲल्युमिनियमचे लांब सेक्शन बाजूने वाहून नेणारी, बॅटरीवर चालणारी छोटी गाडी बनवली आहे. गेल्या महिन्यात मी ती महापे येथील एका गोडाऊनमध्ये चालताना पाहिली. अडीच मीटरांच्या वाटेतून सहा मीटरांचे बंडल कुठेही न घासता गेले, आणि टोकाला कुणालाही उभे राहावे लागले नाही. दुसऱ्या गाडीची ऑर्डर त्याला अजून मिळालेली नाही. ज्यांच्याकडे असा लांब माल आहे, त्यांनी मला जरूर कळवावे. मी स्वतः बरोबर येऊन ती गाडी दाखवीन.