नेट गेलं तरी स्ट्रीमर वाजतो

रत्नागिरी-मालवणकडच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: 'पावसात नेट जातं, कोकणात नेटवर्क स्ट्रीमर घेणं म्हणजे पैसे पाण्यात.' हे अर्धसत्य आहे. (नेटवर्क स्ट्रीमर म्हणजे नेटवरची किंवा घरात साठवलेली गाणी ॲम्प्लिफायरला पुरवणारं यंत्र.) बंद पडतात ती ऑनलाइन सेवांची गाणी. पेनड्राइव्हवरची किंवा राउटरला जोडलेल्या नॅसवरची (घरच्या नेटवर्कवर फाइली साठवणाऱ्या डिस्कच्या डब्यावरची) गाणी वाजायला इंटरनेट लागत नाही, फक्त वीज लागते. (तीच नसेल तर ॲम्प्लिफायर तरी कुठे वाजणार!)

घेताना यूएसबी आणि डीएलएनए (घरच्या नेटवर्कवरून गाणी वाजवायची सोय) आहे ना, ते बघा. दुकानातच राउटरची इंटरनेटची वायर काढून गाणं लावायला सांगा. काही मॉडेलांचं ॲप नेटशिवाय हलत नाही. लॅन पोर्ट (राउटरची केबल जोडायची जागा) हवाच, जांभ्याच्या जाड भिंतीपलीकडे वायफाय रडतं. सीडीच्या दर्जाला सेकंदाला १,४११ किलोबिट लागतात, साधी केबल ते सहज नेते. महागडी नको.