दबलेली नस इंजेक्शनने ‘मोकळी’ होत नाही

‘मणक्यात दबलेली नस एका इंजेक्शनात मोकळी. आराम कायमचा, साइड इफेक्ट शून्य, ऑपरेशनची गरजच नाही.’ कंबरदुखीने बेजार झालेल्या माणसाला हा मजकूर कुणी ना कुणी पाठवतोच. इंजेक्शनला माझा विरोध नाही. पण यातलं एकही वाक्य खरं नाही.

दोन मणक्यांमधली गादी सरकून नसेवर येते तेव्हा दाबाबरोबर तिथे सूजही येते. मांडीमागून पोटरीत उतरणारी कळ बरीचशी त्या सुजेची असते. मणक्यात दिलेलं स्टेरॉइड ही सूज उतरवतं. गादी होती तिथेच राहते. पुढे काही महिन्यांत ती अनेकांच्या बाबतीत आपोआप आक्रसते आणि श्रेय मात्र सुईला मिळतं.

आता ‘कायमचा आराम’. पायात उतरणाऱ्या या दुखण्यावरच्या, म्हणजे सायटिकावरच्या 25 चाचण्यांचा कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेने 2020 मध्ये एकत्र आढावा घेतला. 0 ते 100 च्या मापावर पायाचं दुखणं खोट्या (औषध नसलेल्या) इंजेक्शनपेक्षा जेमतेम 5 गुणांनी कमी झालं, तेही थोड्या काळापुरतं. मणक्याची नळी, म्हणजे नसा जातात ती पोकळी, अरुंद झालेल्यांचं चित्र तर आणखी निराशाजनक. 2014 मध्ये अमेरिकेत अशा 400 रुग्णांपैकी निम्म्यांना स्टेरॉइड आणि बधिर करणारं औषध दिलं, उरलेल्यांना नुसतं बधिर करणारं. सहा आठवड्यांनी दोघांत सांगण्यासारखा फरक नव्हता. म्हणूनच ब्रिटनमध्ये उपचारांबद्दल मार्गदर्शन करणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेचा 2016 पासूनचा सल्ला मला पटतो: नव्याने उद्भवलेल्या, असह्य सायटिकात इंजेक्शनचा विचार करा, नळी अरुंद झाल्याने चालताना पाय भरून येत असतील, तर देऊ नका.

‘साइड इफेक्ट शून्य’ वाचून मला आत्या आठवते. तिला मधुमेह आहे. इंजेक्शननंतर काही दिवस साखर चढू शकते, हे तिला आधी कुणी सांगितलंच नव्हतं. चार दिवस घर हवालदिल होतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर तेही आधीच सांगायला हवं. क्वचित याहून भयंकर घडतं. पक्षाघात, दृष्टी जाणं, मृत्यू अशा दुर्मीळ घटनांबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2014 मध्ये इशारा दिला होता.

राहिलं ऑपरेशन. ते बहुतेकांना मुळात लागतच नाही. पण लघवी तुंबली, बसायची जागा बधिर झाली, पाऊल उचलेनासं झालं, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं. त्या वेळी इंजेक्शनच्या भरवशावर घरी थांबलेल्या माणसाची नस कायमची जाऊ शकते.