रात्री मुलांचे दात मोठ्यांनीच घासून द्यावेत
मुलांच्या हाती ब्रश द्या म्हणजे सवय लागेल, असं लहान मुलांच्या दातांवरच्या एका लेखात वाचलं, ते पटलं. पण दीड-दोन वर्षांचं मूल ब्रश चावतं आणि पेस्ट चाटतं, घासत नाही. त्याची हौस भागली की मोठ्यांनी पुन्हा घासून द्यायलाच हवं, अगदी ७-८ वर्षांचं होईपर्यंत. रात्री तर चुकवूच नये. झोपेत लाळ कमी सुटते, मग दातांवर राहिलेलं दूध तसंच राहतं. ब्रश झाल्यावर दुधाची बाटली तोंडात देऊन झोपवणं कृपया थांबवा! पेस्ट फ्लोराइडची, ३ वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढीच. मुलाचं डोकं मांडीवर घेऊन वरचा ओठ हलकेच उचला. पुढच्या दातांचा हिरडीलगतचा भाग दिसतो, लहानग्यांत कीड बहुतेकदा तिथूनच सुरू होते.