ऐकलं म्हणजे वाचलं नाही म्हणे

आज सकाळी कट्ट्यावर सहज सांगितलं की आईनं आणि मी मिळून आठवड्यात एक पुस्तक संपवलं. राक्षस, अवकाशयान, धमाल गोष्ट. लगेच एकजण म्हणाला, "ऑडिओबुक होय? मग ऐकलं म्हण, वाचलं म्हणू नकोस. त्यात ही असली पोराटकी!" सगळे हसले. घरी आलो तरी डोकं शांत होईना.

माझी आई बावीस वर्षं तासगावला बेदाणा निवडायला जात होती. हात आणि डोळे दिवसभर बेदाण्यात. मोकळे फक्त कान. शेडच्या खांबाला रेडिओ, त्यावर सांगली आकाशवाणी. श्रुतिका लागली की बायका बोलायच्या थांबायच्या, हात चालूच. तिनं ऐकलेल्या गोष्टींएवढी पुस्तकं आपल्यापैकी कुणी वाचलीत?

आणि हे सांगलीत ऐकून घ्यायचं? १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी इथंच 'सीतास्वयंवर' उभं केलं. त्या काळच्या नाटकांत राक्षस आरोळ्या ठोकत यायचे, म्हणून पुढं शहाण्यांनी त्या नाटकांना 'अललडुर्र' म्हणून हिणवलं. हिणवणारे तेव्हाही होतेच. समोर बसून ऐकणाऱ्यांच्या हातात कुठं पुस्तक होतं? आणि पोराटकीच असेल, तर नारळीकरांसारखा खगोलशास्त्रज्ञ विज्ञानकथा कशाला लिहीत बसला? डग्लस अ‍ॅडम्सची 'हिचहायकर्स गाइड टू द गॅलक्सी' ही जगभर गाजलेली अंतराळातली विनोदी सफर तर १९७८ साली आधी बीबीसी रेडिओवर आली, पुस्तक झालं १९७९ मध्ये. म्हणजे ज्यांनी आधी ऐकली, त्यांचं ऐकणं खोटं?

ऐकताना लक्ष उडालं की वाक्य निसटतं, हे खरं आहे. असू दे.

आमच्या गोष्टीत यानाचा संगणक रुसून बसतो आणि राक्षसाला ऐन वेळी मंत्र आठवत नाही. तो त्या संगणकाची मनधरणी करायला लागला तेव्हा आई पावटा सोलत होती. हातातली शेंग तशीच राहिली. "लई मानी हाय की रं ती मशीन!" म्हणाली आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली. बारीक अक्षर आता तिला दिसत नाही. गेल्या वर्षभरात तिला एवढं हसताना मी बघितलं नव्हतं. तिनं ते पुस्तक वाचलं नाही, असं मला कुणी सांगू नये.

आत्ताच स्वयंपाकघरातून हाक आली. मशीनच्या रुसव्याचा तो भाग तिला परत ऐकायचाय. पावटाही अजून अर्धी पिशवी सोलायचा आहे.