गोड्या पाण्यातला मासा पाणी पीत नाही

'मासे सतत पाणी पितात' हे माशांविषयीच्या एका लेखात वाचलेले विधान समुद्री माशांपुरते खरे आहे. आमच्या नागपूरच्या अंबाझरीसारख्या तलावातील माशांना ते लागू पडत नाही. गोड्या पाण्यातील माशाच्या रक्तात बाहेरच्या पाण्यापेक्षा क्षार जास्त असल्याने पाणी कल्ल्यांवाटे आपोआप आत शिरत राहते, म्हणून तो पाणी जवळजवळ पीतच नाही, उलट भरपूर पातळ मूत्र बाहेर टाकतो आणि गमावलेले क्षार कल्ल्यांतील खास पेशींकरवी परत शोषून घेतो. समुद्रात नेमके उलटे घडते.

खरी ओढाताण मे महिन्यात होते. पाण्यात २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना जेमतेम साडेसात. तो मिळवण्यासाठी कल्ल्यांतून अधिक रक्त खेळवावे, तर नको असलेले पाणीही अधिक शिरते आणि क्षार निसटतात. लेखात या पेचाचा उल्लेखही नाही, याचे आश्चर्य वाटले.

मागूर हा मासा मात्र यातून बराच सुटला आहे. बाजारात टबात ठेवलेला मागूर थोड्या थोड्या वेळाने वर येऊन हवेचा घोट घेतो, तो कल्ल्यांच्या वरच्या पोकळीतील झाडाच्या फांद्यांसारख्या श्वसनेंद्रियासाठी. पुष्कळ गिऱ्हाइकांना वाटते की तो तडफडतो आहे.