जगात जर्मनी, घरात जपानी

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे ऐकत वाढलेल्या माणसानं शिकायची तर जर्मनच. पण मागच्या वर्षी अजिंठ्याला एका जपानी आजींची खाली पडलेली टोपी उचलून दिली. त्या ‘अरिगातो’ म्हणत कमरेत वाकल्या आणि मी नुसता दात काढून उभा. ते लागलं मनाला. क्लासेस पुण्यात, आपण परभणीत. म्हणून मोबाईलच गुरुजी.

सुरुवात अगदी माहेरपणाची. अ-इ-उ-ए-ओ, मग क-स-त-न-ह-म-य-र-व! हा क्रम आपल्याच वर्णमालेचा, बौद्ध धर्माबरोबर तिकडे पोचलेला. क्रियापद शेवटी, नामाच्या मागे प्रत्यय, अन् प्रश्न विचारायला चक्क ‘का’. मी आठवडाभर मिशीला पीळ देत हिंडलो. मग हिरागाना लिपीची ४६ अक्षरं संपली आणि कळलं, काताकाना या दुसऱ्या लिपीची आणखी ४६ आहेत. त्यातले ‘शि’ आणि ‘त्सु’ म्हणजे जुळे भाऊ: दोन ठिपके, एक फराटा. फराटा खालून वर ओढला की वरून खाली, एवढाच फरक. (मायचा चष्मा लावूनही पाहिलं.) रोजच्या वापरातल्या कांजी, म्हणजे चिनीवरून घेतलेल्या अक्षरखुणा, २१३६. त्या दिवाळीनंतर करणार आहे. कोणत्या दिवाळीनंतर, ते घरात सांगितलेलं नाही.

मोजणीनं तर जेवण तोडलं. चपट्या वस्तू ‘माइ’नं मोजायच्या: इचिमाइ, निमाइ. लांबट असल्या की इप्पोन, निहोन, सान्बोन. भाकरी चपटीच की! मायनं तव्यावरून विचारलं, “किती वाढू?”

“निमाइ.”

“नी माय काय? किती ते सांग. पन्नाशीला आलास अन् लाडात यायलास!”

एकच मिळाली.

मग मोबाईलनं सल्ला दिला, घरातल्या वस्तूंवर शब्दांच्या चिठ्ठ्या लावा. घरात तांबडाच स्केचपेन सापडला. खिडकीवर ‘मादो’, आरशावर ‘कागामी’, दुभत्याच्या कपाटावर ‘तोदाना’, सगळं जपानी अक्षरांत. दुपारी विरजण मागायला आलेल्या शेजारच्या मावशी उंबऱ्यातच थबकल्या. तांबडी, वाकडीतिकडी अक्षरं त्यांनी डोळे फिरवून पाहिली आणि मायच्या कानाशी लागल्या, “भानामती झाली का काय वं?” विरजण न घेताच गेल्या. संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या चौघी दारावरून वाकून बघून गेल्या. एकीनं लिंबू-मिरची पाठवून दिली.

मायनं फर्मान काढलं, सगळ्या चिठ्ठ्या काढ. मी निमूट खरवडायला बसलो. कपाटाजवळ आलो तर ती ओरडली, “तेवढी राहू दे. लावल्यापासून मांजर फिरकंना तिकडं.”