अपरिचित? कोणाला?

सकाळी चहा घेता घेता एक रील बघितली आणि चहाची चवच गेली. ड्रोन वरून फिरतोय, मागे शंखनाद, आणि ठळक अक्षरांत, 'महाराष्ट्रातलं कोणालाच माहीत नसलेलं मंदिर!' मंदिर कोणतं, तर झोडग्याचं माणकेश्वर. मालेगाव सोडून धुळ्याकडे निघालं की मुंबई-आग्रा हायवेवरचं गाव. रोज हजारो गाड्या जातात शेजारून. आणि म्हणे कोणालाच माहीत नाही!

मी तिथे पहिल्यांदा गेलो ते उन्हाळ्यात. हायवेवरच्या टपरीवर उतरून, गळ्यात कॅमेरा, अगदी अभ्यासू चेहरा करून विचारलं, "माणकेश्वर मंदिर कुठे हो?" टपरीवाला क्षणभर गोंधळला. मग म्हणाला, "आमचा महादेव का? हे काय, असे जा." आमचा महादेव. मी नेटवर शोधून शोधून 'सापडवलेलं' ते देऊळ त्याच्या घरचं होतं.

'एक्सप्लोर केलं' म्हणतात लोक. अरे, काय एक्सप्लोर केलंस बाबा? सात-आठशे वर्षं तिथे दिवा लागतोय, कोणीतरी झाडतंय, श्रावणात रांग लागतेय. तू आलास, तीस सेकंदांचा व्हिडिओ काढलास, वेफर्सचं पाकीट जोत्यावर ठेवून गेलास. हो, पाकीट. मी स्वतः उचललंय, एक नाही, चार.

आणि त्या रीलखाली शंभर कमेंटा, 'वा, हेमाडपंती!' काळा दगड दिसला की हेमाडपंती. अहो, हेमाद्री पंडित यादवांच्या दरबारातला, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. अंबरनाथच्या शिवमंदिरावरच्या शिलालेखात शके ९८२ आहे, म्हणजे १०६०. हेमाडपंत जन्मायच्या कितीतरी आधी! तरी तेही हेमाडपंती. झोडगं, सिन्नरचं गोंदेश्वर, अंबरनाथ, ही सगळी भूमिज शैलीची. शिखराच्या चारही बाजूंनी मधोमध एकेक पट्टा थेट वर चढत जातो, आणि मधल्या कोपऱ्यांत छोटी छोटी शिखरं, एकावर एक, ओळीने, वर जाताना लहान होत गेलेली. एकदा डोळ्यांना सवय झाली की लांबूनही ओळखू येतं. माळव्यातून आलेली रीत ही, तिकडे मध्य प्रदेशातल्या उदयपूरला परमार राजांचं उदयेश्वर मंदिर बघा. हे रीलमध्ये कोण सांगणार? शंखनाद पुरतो.

बरं, मान्य, रीलमुळे चार माणसं जातात, टपरीवाल्याचे चार चहा जास्त खपतात. आणि गावकरीही काही कमी नाहीत. आमच्याच आजोळच्या देवळात वीरगळांना, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळांना, ऑइल पेंट फासलाय, तोही पोपटी. त्यावर लिहायला बसलो तर रात्र होईल.

पण खरं सांगू? चिडचिड रीलवाल्यावर जेवढी, तेवढीच स्वतःवर आहे. त्या दिवशी झोडग्यात मी तासभर बाहेरच्या भिंतींपुढे होतो. सुरसुंदरी म्हणजे कोरलेल्या अप्सरा, स्तंभ, शिखर, एकेका थराचे फोटो. ऊन टोचत होतं तरी हलत नव्हतो. सावलीत एक म्हातारे बाबा बसले होते, पांढरी टोपी, हातात तंबाखूची चंची. खूप वेळ माझ्याकडे बघत होते. शेवटी अहिराणीत म्हणाले, "कोठून उनात भाऊ?" मी सांगितलं, नाशिकहून. मग सहज विचारल्यासारखं, "महादेवना पाया पडनात का?"

नव्हतो पडलो. तासभर झाला होता, आणि मी आत पाऊलही टाकलं नव्हतं. चपला काढून गेलो. आत अंधार, गारवा, पिंडीवर सकाळचा बेल, थोडासा सुकलेला. कोणीतरी पहाटे येऊन वाहून गेलेलं. बाहेर आलो तर बाबांनी काही विचारलं नाही. चंची पुढे केली फक्त. मी तंबाखू खात नाही, पण त्या दिवशी नाही म्हणवलं नाही. नंतर डोकं गरगरलं ते वेगळं.

आता पुढच्या महिन्यात बळसाण्याला जायचं म्हणतोय, साक्री तालुक्यात, तिथे तर देवळांचा समूहच आहे. कॅमेरा नेईन, नाही कसा.

हे टाइप करतानाच एका मित्राचा मेसेज, 'भाई, झोडग्याचं लोकेशन टाक ना.' लोकेशन नाही पाठवलं. लिहिलं, हायवेवर टपरीपाशी थांब आणि विचार. माणकेश्वर म्हणू नकोस, महादेव म्हण.